ट्रॅकबॉलचा पॉइंटर नेमक्या जागी थांबत नाही आणि अंगठाही दुखतो: दोष नक्की कुठे आहे?

ट्रॅकबॉल म्हणजे स्वतः जागचा न हलता वरचा बॉल फिरवून पॉइंटर हलवायचं, माउसच्या जागी वापरायचं उपकरण. त्याबद्दलची तक्रार साधारण अशी असते. विंडो बंद करायची छोटी फुली गाठायची आहे. पॉइंटर तिच्या अलीकडे अडतो, जरा जोर लावला की पलीकडे निसटतो. मागे आणावा तर पुन्हा तेच. एक्सेलमध्ये दोन कॉलममधली बारीक रेघ पकडता पकडता नाकी नऊ येतात. संध्याकाळपर्यंत अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो. मग बॉल काढून पुसला जातो, थोडे दिवस बरे जातात आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या. शेवटी कंटाळून दुसरा ट्रॅकबॉल येतो. नवा असेपर्यंत तोही लोण्यासारखा फिरतो.

दुखणं पुन्हा पुन्हा उलटतं, कारण इथे एकात एक अडकलेल्या तीन गोष्टी असतात. बॉल घट्ट फिरू लागला की आपण नकळत अंगठा जास्त दाबतो. अंगठा दमला की त्याला कमी फिरवावं लागावं म्हणून पॉइंटरचा वेग वाढवतो. वेग वाढवला की नेमकेपणा जातो. नेमकेपणा गेला की हात आखडून, बोटं ताठ करून काम करतो, म्हणजे पुन्हा दाब वाढतो. यातली एकच कडी दुरुस्त केली तर बाकीच्या दोन तिला परत बिघडवतात. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी घर्षण, मग वेग, मग हात. खरेदी सगळ्यात शेवटी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नेमक्या नियंत्रणासाठी नवा ट्रॅकबॉल घ्यायची वेळ फार कमी लोकांवर येते. दुखण्यासाठी मात्र येते, आणि तेव्हा चालढकल करू नये.

आधी एक रेघ ओढून बघा

पेंटसारखा कुठलाही चित्रं काढायचा साधा प्रोग्राम उघडा आणि बॉल अगदी सावकाश फिरवत एक लांब आडवी रेघ ओढा. मग उभी, मग दोन्ही तिरप्या. तिरप्या रेघेत पिक्सेलच्या बारीक पायऱ्या दिसणारच, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. बघायचं ते एवढंच की रेघ सलग पुढे सरकते की थांबून-थांबून उड्या मारते.

सावकाश फिरवताना उड्या मारते आणि भराभर फिरवताना सुरळीत चालते, तर ते घर्षण. एकाच दिशेला अडते, बाकीच्या दिशांना ठीक, तर बॉलखालच्या एखाद्याच टेकूवर मळ बसलाय. सावकाश छान चालते पण लांबून झपकन आणताना दर वेळी निशाण्याच्या पुढे जाते, तर दोष सेटिंगमध्ये आहे. बॉल हलत असूनही पॉइंटर क्षणभर गोठतो आणि मग एकदम भलतीकडे उगवतो, तर वायरलेसकडे बघा. बॉलला हात न लावताही पॉइंटर थरथरतो किंवा हळूच सरकत राहतो, तर सेन्सरच्या (बॉलची हालचाल टिपणाऱ्या भागाच्या) खिडकीसमोर बहुधा एखादा केस किंवा धाग्याचा तुकडा आहे. रेघ मध्येच तुटते, म्हणजे बटण दाबलेलं असूनही सुटल्यासारखं होतं, तर बॉलचा काही संबंध नाही. तो बटणाखालचा स्विच. त्याच्याकडे पुढे येतो.

एवढी परीक्षा न करता लोक थेट डीपीआय (सेन्सर हालचाल किती बारीक मोजतो तो आकडा) बदलायला जातात, आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

मळ, मणी आणि सुरुवातीचा जोर

हा भाग जरा सविस्तर घेतो, कारण बहुतेक तक्रारी इथेच मिटतात.

ट्रॅकबॉलमधला बॉल सहसा तीन बारीक मण्यांवर टेकलेला असतो. बॉल काढून खोबणीत नीट पाहिलं तर ते तीन ठिपके दिसतात. काही ट्रॅकबॉलमध्ये ते स्टीलचे असतात, काहींत सिरॅमिकचे, काहींत कृत्रिम माणकाचे. बॉल त्यांच्यावर घसरतो. ते मणी आहेत, चाकं नव्हेत. घसरणाऱ्या कुठल्याही वस्तूचा नियम इथेही लागू: ती हलवायला सुरुवातीला जास्त जोर लागतो, हलल्यावर कमी. जड कपाट सरकवताना पहिला धक्का देऊन ते सुटलं की एकदम अपेक्षेपेक्षा पुढे जातं, तसंच. लांबच्या हालचालीत हे जाणवत नाही. पण पॉइंटर दोन पिक्सेल हलवायचा असतो तेव्हा सगळी हालचाल म्हणजे तो पहिला धक्काच असतो. म्हणून फुलीच्या अलीकडे अडणं आणि पलीकडे निसटणं या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत, एकच आहे.

मळ हे घर्षण वाढवतो. बोटांचा घाम, त्वचेचं तेल, हाताला लावलेलं क्रीम आणि हवेतली धूळ यांचा मिळून एक राखाडी थर मण्याभोवती कडं करून बसतो. वरून बॉल चकाचक दिसतो, म्हणून नुसता बॉल पुसून भागत नाही. थोड्याच दिवसांत त्रास परत येण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच: बॉल पुसला, मणी राहिले.

अंगठ्याच्या बहुतेक ट्रॅकबॉलना तळाला एक भोक असतं. त्यातून पेन्सिलच्या मागच्या टोकाने ढकललं की बॉल वर निघतो. बोटांनी फिरवायच्या मोठ्या ट्रॅकबॉलमध्ये बरेचदा नुसतं उपकरण उलटं केलं तरी बॉल हातात येतो, तेव्हा खाली हात धरा. मण्याभोवतीचं कडं लाकडी टूथपिकने हलकेच खरवडून काढा. सुई, पिन, कटरचं पातं असलं काही वापरू नका. मण्यावर चरा गेला की तो चरा बॉलवर कायमचा घासत राहतो. मग कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओली करून तिन्ही मणी पुसून घ्या. सेन्सरच्या खिडकीला मात्र ओलं काही लावू नका, हवेच्या फुग्याने फुंकर पुरते. फारच काही चिकटलं असेल तर कोरडी काडी. बॉल साध्या साबणाच्या पाण्यात धुवा, चष्म्याच्या कापडाने पूर्ण कोरडा करा आणि परत बसवा.

आता गंमत. स्वच्छ केल्यावर पहिली काही मिनिटं बॉल आधीपेक्षा जास्त अडू शकतो. याने घाबरून लोक पुन्हा पुसायला बसतात. प्रत्यक्षात पार कोरडा बॉल कोरड्या मण्यांवर घसरताना चिकटल्यासारखा वाटतो, त्याला अगदी किंचित तेल लागतं, आणि ते तुमच्या त्वचेवर आहेच. बॉल तळहातांत थोडा वेळ घोळवून बसवा. नाकाच्या बाजूला बोट फिरवून तेच बॉलवर फिरवणारे जुने वापरकर्ते आहेत. ऐकायला किळसवाणं आहे, पण काम होतं. बाहेरचं तेल, मशीनचा स्प्रे, ग्रीस यांतलं काहीही घालू नका. ते धूळ धरून ठेवतं आणि सेन्सरच्या खिडकीपर्यंत पसरतं.

साफसफाईनेही फरक पडला नाही तर मणी भिंगातून बघा. स्टीलचा मणी बराच वापरल्यावर टोकाला झिजून सपाट होतो. उजेडात तिरपं धरलं की तो सपाट ठिपका चमकतो. सपाट झालेल्या मण्याचा बॉलशी संपर्क वाढतो आणि आत्ता सांगितलेला पहिला धक्का मोठा होतो. हौशी लोक असे मणी काढून तेवढ्याच मापाचे सिरॅमिकचे बसवतात. जुना मणी कॅलिपरने मोजूनच नवा आणावा, कारण किंचित मोठा मणी बॉलला उचलून सेन्सरपासून लांब नेतो. काही ट्रॅकबॉलमध्ये मण्यांऐवजी फिरणारे बारीक रोलर असतात. त्यांच्यावर बॉल फार हलका पळतो, पण खरखर ऐकू येते आणि रोलरच्या कण्याभोवती धागे गुंडाळले की एका विशिष्ट दिशेला अडतं. मला स्वतःला बारीक कामासाठी साधे मणीच आवडतात. बॉल जरा धरून ठेवला जातो, आणि तेच हवं असतं.

बॉल बदलून बघायचा मोह होतो. ३४ मिमीचा बॉल दुसऱ्या ३४ मिमीच्या खोबणीत बसेलही, पण सेन्सर त्याला ओळखेलच असं नाही. अनेक ट्रॅकबॉलमधला सेन्सर बॉलवरचे ठिपके वाचून हालचाल ओळखतो. लॉजिटेक कंपनीच्या बॉलवर ते ठिपके उघड दिसतात. अशा सेन्सरसमोर एकरंगी गुळगुळीत बॉल ठेवला की पॉइंटर अडखळतो आणि दोष उगाच मण्यांवर जातो.

डीपीआयचा आकडा मोठा म्हणजे नेमकेपणा जास्त नव्हे

खोक्यावर २००० डीपीआय लिहिलेलं बघून माणूस खूश होतो. जरा हिशेब करू. डीपीआय म्हणजे बॉलचा पृष्ठभाग एक इंच, म्हणजे २५.४ मिमी सरकला की किती काउंट, म्हणजे सेन्सरची बारीक पावलं, मोजले जातात. एक काउंट म्हणजे एक पिक्सेल धरला, तर ४०० डीपीआयला बॉल १ मिमी फिरवल्यावर पॉइंटर सुमारे १६ पिक्सेल जातो. १२०० ला ४७, २००० ला ७९. म्हणजे १६ पिक्सेल रुंदीचं एखादं बटण ४०० डीपीआयला तुमच्या बोटाखाली १ मिमी रुंद असतं आणि २००० ला ते जेमतेम ०.२ मिमी उरतं. वर सांगितलेला सुरुवातीचा धक्का या ०.२ मिमीपेक्षा सहज मोठा होतो. मग कितीही जपून फिरवा, बटण ओलांडलंच जाणार.

उलट बाजूही आहे. ३८४० पिक्सेल रुंदीचा पडदा ४०० डीपीआयला आडवा पार करायचा तर बॉलचा २४ सेंटिमीटरहून जास्त पृष्ठभाग फिरवावा लागतो. अंगठा एका दमात साधारण तीन-चार सेंटिमीटर फिरवतो. म्हणजे प्रत्येक फेरीला सहा-आठ वेळा अंगठा उचलून परत आणायचा. तो संपावर जाईल नाही तर काय!

त्यामुळे मधला मार्ग निघतो तो अ‍ॅक्सिलरेशनमधून. विंडोजमध्ये माउसच्या ‘पॉइंटर ऑप्शन्स’ टॅबवर ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ नावाचा चौकोन असतो. नावात अचूकता असली तरी ते काम करतं अ‍ॅक्सिलरेशनचं: हळू फिरवलं तर पॉइंटर कमी सरकतो, जोरात फिरवलं तर प्रमाणाबाहेर जास्त. माउसवर गेम खेळणारे हे कायम बंद ठेवायला सांगतात आणि ट्रॅकबॉलवालेही डोळे झाकून तेच करतात. मला हे पटत नाही. माउस टेबलावर हवा तेवढा सरकवता येतो, अंगठ्याची पोच ठरलेली आहे. अंगठ्याच्या ट्रॅकबॉलवर ऑफिसचं काम करणाऱ्याने ते चालू ठेवावं आणि डीपीआय कमी ठेवावा, ४०० ते ८०० च्या आसपास. चित्रं काढणाऱ्याने किंवा मोठ्या बॉलवर काम करणाऱ्याने बंद करून बघावं, कारण तिथे सारख्या हालचालीला सारखंच अंतर मिळणं जास्त मोलाचं.

बंद करणार असाल तर त्याच टॅबवरची वेगाची पट्टी बरोबर मधे, म्हणजे ११ पैकी सहाव्या खाचेवर ठेवा. तिथे एका काउंटला एक पिक्सेल मिळतो. एक खाच पुढे गेलात की दीडपट होतं आणि मधले काही पिक्सेल पॉइंटर गाळून पुढे जातो. हा दोष बॉल कितीही पुसला तरी जाणार नाही. वेग वाढवायचाच असेल तर पट्टी तिथेच राहू द्या आणि डीपीआय वाढवा. मॅकवर माउसच्या प्रगत सेटिंगमध्ये अ‍ॅक्सिलरेशन बंद करायची सोय आहे, लिनक्सवर लिबइनपुट (माउस वगैरे हाताळणारा त्याचा भाग) याचा ‘फ्लॅट’ प्रोफाइल.

‘घरी नीट चालतो, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला की वेड्यासारखा पळतो’ या तक्रारीचं कारण वेगळं. पुष्कळदा वेगाची सेटिंग ट्रॅकबॉलमध्ये नसतेच, ती त्या कॉम्प्युटरवरच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. ते सॉफ्टवेअर नसेल किंवा अजून सुरू झालेलं नसेल तर मूळचा वेग परत येतो. कॉम्प्युटर सुरू करताना लॉगिनच्या पडद्यावर पॉइंटर वेगळा वागतो आणि थोड्या वेळाने शहाणा होतो, तेव्हा हेच समजावं. दोन ठिकाणी काम असेल तर वेग उपकरणातच बदलणारं बटण असलेला ट्रॅकबॉल सोयीचा.

वेग क्षणापुरता कमी करणारं बटणही फार उपयोगी. लॉजिटेकच्या एमएक्स एर्गोला ते बॉलजवळच असतं. ज्यांना नाही त्यांनी एखाद्या रिकाम्या बटणावर ती सोय लावून घ्यावी.

वायरलेसचा गोठणारा पॉइंटर

पॉइंटर गोठून उडी मारत असेल तर सेल उतरलाय का ते पाहून झाल्यावर रिसीव्हर (कॉम्प्युटरच्या यूएसबीला लावायचा वायरलेसचा छोटा तुकडा) कुठल्या पोर्टला आहे ते बघा. यूएसबी ३.० चं उपकरण किंवा केबल चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट सोडते. इंटेलने २०१२ मध्ये यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. तुमचा रिसीव्हर नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. शेजारच्या पोर्टला बाहेरची हार्ड डिस्क लावली की पॉइंटर लंगडतो, काढली की धावतो, अशी गंमत झाली असेल तर दुसरं काही शोधू नका. छोटी एक्स्टेन्शन केबल लावून रिसीव्हर ट्रॅकबॉलजवळ आणा, किंवा वायरवर चालवता येत असेल तर वायर लावा. ट्रॅकबॉल जागचा हलत नाही. त्याला वायर असली तर बिघडलं कुठे? वायरलेससाठी जास्त पैसे मोजणाऱ्यांचं मला नवलच वाटतं.

हात काय म्हणतो

इथवर सगळं करून रेघ सुरळीत येत असेल आणि तरी दुखत असेल, तर आता निवडीचा प्रश्न.

ट्रॅकबॉल मुख्यतः दोन तऱ्हेचे. एक, बॉल डावीकडे आणि अंगठ्याने फिरवायचा: लॉजिटेकचे एम५७५ आणि एमएक्स एर्गो, एलेकॉमचा ईएक्स-जी. यांचा बॉल ३४ मिमीचा. दुसरे, बॉल मधे आणि तर्जनी-मधल्या बोटाने फिरवायचा: केन्सिंग्टनचे एक्स्पर्ट माउस आणि स्लिमब्लेड यांचा ५५ मिमी, ऑर्बिटचा ४० मिमी, एलेकॉमच्या ह्यूजचा ५२ मिमी, डेफ्ट प्रोचा ४४ मिमी.

अंगठ्याचा ट्रॅकबॉल माउससारखाच धरायचा असतो, बटणं त्याच बोटांखाली येतात, म्हणून सवय पटकन होते. पण सगळा भार एकट्या अंगठ्यावर. तोच अंगठा स्पेसबार दाबतो, तोच उरलेला दिवस मोबाइलवर फिरतो. अंगठ्याच्या बाजूने मनगटावरून जाणारे दोन स्नायुबंध एका अरुंद आवरणातून सरकतात. तिथे सूज आली की अंगठा हलवताना, बाटलीचं झाकण फिरवताना कळ येते. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द कर्व्हां यांनी १८९५ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं आणि ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. तुमची कळ नेमकी तिथे असेल, किंवा अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यात असेल, तर अंगठ्याचा कुठलाही ट्रॅकबॉल तुमच्यासाठी नाही. बॉल कितीही हलका, मणी कितीही महागडे, तिरकेपणा कितीही जमवलेला असो. यावर मी तडजोड करायला सांगणार नाही.

बोटांच्या ट्रॅकबॉलमध्ये भार दोन-तीन बोटांत वाटला जातो आणि अंगठ्याकडे नुसतं बटण राहतं. पण त्याचीही एक खोड आहे. मोठा बॉल म्हणजे उंच उपकरण. हात टेबलावर टेकवून बोटं बॉलवर न्यायची तर मनगट मागे वाकतं आणि तसंच तासन्‌तास राहतं. मनगटाच्या वरच्या बाजूला ओढल्यासारखं वाटत असेल तर हेच कारण. तळहाताखाली उशी हवी, आणि ती बॉलच्या पुढच्या कडेइतकी उंच हवी. नुसती पातळ जेलची पट्टी पुरत नाही. आरशात बघून किंवा कुणाला बाजूने फोटो काढायला सांगून कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंतची रेघ तपासा. मनगटाशी कोन दिसला की उशी वाढवा किंवा खुर्ची वर घ्या.

अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर ट्रॅकबॉल बदलण्यात वेळ घालवू नका, डॉक्टरांकडे जा.

खांदा दुखणाऱ्यांना दोन्ही तऱ्हा चालतात, कारण ट्रॅकबॉलला जागा लागत नाही. पूर्ण कीबोर्डच्या उजवीकडे लांब ठेवायची सक्ती नसते, कीबोर्डच्या पुढे मधोमध ठेवला तरी चालतो. डावखुऱ्यांना अंगठ्याच्या तऱ्हेत फार थोडे पर्याय आहेत (एलेकॉमच्या ईएक्स-जीचा डावा प्रकार मिळतो), पण मधे बॉल असलेले बरेचसे दोन्ही बाजूंनी सारखे असतात. उजवा हात दुखतो म्हणून तेच डावीकडे घेणारेही आहेत.

मोठा बॉल नेमका का वाटतो

मघाच्या डीपीआयच्या हिशेबात बॉलचा व्यास कुठेच आला नाही, हे कुणाच्या लक्षात आलं असेल. सेन्सर पृष्ठभाग वाचतो, त्यामुळे त्याच डीपीआयला १ मिमीला मिळणारे पिक्सेल छोट्या-मोठ्या बॉलवर सारखेच. तरी मोठा बॉल हाताला नेमका वाटतो, त्याचं कारण वजन. ५५ मिमीच्या बॉलचं आकारमान ३४ मिमीच्या बॉलच्या चौपटीहून थोडं जास्त भरतं. हे वजन बोटाची थरथर गिळतं आणि पहिला धक्का बसल्यावर बॉलला एकदम सुटू देत नाही. शिवाय तर्जनी आणि मधलं बोट बारीक हालचालीत अंगठ्यापेक्षा सरस. दोन बोटांनी दोन बाजूंनी बॉल धरून एकेक पिक्सेल पुढे नेता येतो, अंगठ्याला जोडीदार नसतो.

ट्रॅकबॉल माउसपेक्षा जुना आहे. राल्फ बेंजामिन यांनी ब्रिटिश नौदलाच्या रडारसाठी १९४६ मध्ये तो बनवला. १९५२ मध्ये कॅनडाच्या नौदलाच्या डाटार प्रकल्पात तर बोलिंगचा चेंडूच बसवला होता, फाइव्ह-पिन प्रकारचा. तो डेस्कवर ठेवायची शिफारस मी करत नाही.

ड्रॅग करताना हात का फसतो

पॉइंटर नेणं जमलं तरी ओढणं जमत नाही, ही ट्रॅकबॉलची जुनी दुखरी नस. मॅकेन्झी, सेलन आणि बक्स्टन यांनी १९९१ मध्ये माउस, ट्रॅकबॉल आणि लेखणी यांची तुलना केली, तेव्हाही ट्रॅकबॉल सगळ्यात मागे पडला आणि ड्रॅगच्या कामात त्याची अवस्था आणखी बिकट झाली. बटण दाबून ठेवणारं बोट आणि बॉल फिरवणारं बोट एकाच हाताचं. एक ताठ झालं की दुसरं मोकळं राहत नाही. माउसमध्ये बोट दाबतं आणि सरकवायचं काम मनगट-कोपर करतात.

उपाय दोन. विंडोजमध्ये माउसच्या ‘बटन्स’ टॅबवर क्लिकलॉक आहे: बटण क्षणभर दाबून सोडलं की दाबलेलंच राहतं, पुन्हा क्लिक केलं की सुटतं. दुसरा मला जास्त आवडतो: डाव्या हाताखालच्या एखाद्या की-वर डावं क्लिक लावून घ्या आणि उजव्या हाताला फक्त बॉल फिरवू द्या. फोटोवर मास्किंग (ठरावीक भाग रेघेने वेगळा काढणं) करणारे, कॅडमध्ये (आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) रेघा ओढणारे यांचं अर्धं दुखणं याने जातं. क्लिक करतानाच पॉइंटर हलतो, त्यावरही हाच इलाज. तो जमत नसेल तर क्लिकच्या आधी अंगठा बॉलवरून किंचित उचलायची सवय लावा.

ड्रॅग मध्येच सुटत असेल, एका क्लिकला फोल्डर उघडत असेल, तर ते बोटाचं काम नव्हे. स्विचमधला पातळ पत्रा झिजला की एकाच दाबाला दोनदा टेकतो. वॉरंटी असेल तर बदलून घ्या. नसेल तर सोल्डरिंग येणाऱ्याकडून तेवढा स्विच बदलता येतो. क्लिकमधलं अंतर मोजून दुसरं क्लिक गाळणारी सॉफ्टवेअर मिळतात, पण ती वेळ मारून नेतात आणि तुटलेला ड्रॅग त्यांच्याने नीट सांधला जात नाही.

मग घ्यायचा कुठला?

अंगठा ठणठणीत आहे, काम ईमेल, शीट आणि ब्राउझरचं आहे, माउसवरून नुकतेच येताय: अंगठ्याचा घ्या. मनगट पालथं टेकवल्यावर अवघडत असेल तर तिरका करता येणारा बघा. एमएक्स एर्गो ० किंवा २० अंशांवर बसतो.

फोटो, नकाशे, कॅड, संगीताची टाइमलाइन: ५० मिमीच्या वरचा बोटांचा. यात स्क्रोल कसं होतं ते आधी बघा, लोक हे विसरतात आणि मग पस्तावतात. एक्स्पर्ट माउसला बॉलभोवती फिरणारी कडी आहे. स्लिमब्लेडला बॉल जागच्या जागी झाकणासारखा फिरवला की स्क्रोल होतं. ऐकायला भारी वाटतं, पण बारीक काम करताना बॉलला नकळत पीळ बसला की पान सरकतं. मी नेमक्या कामासाठी कडीवालाच घेईन. ह्यूजला तळहात टेकवायची जागा आहे, पण नावाप्रमाणे तो ऐसपैस आहे आणि छोट्या हाताला लांबची बटणं पोचत नाहीत. छोट्या हाताला डेफ्ट प्रो किंवा ऑर्बिट.

ज्यांचं दिवसभराचं काम म्हणजे ओढाओढीच आहे आणि डावा हात कीबोर्डवर नेता येत नाही, त्यांनी ट्रॅकबॉल घेऊच नये असं माझं मत आहे. उभा माउस, म्हणजे हात आडवा न टेकवता उभा धरायचा, बघा.

घेतल्यावर पहिल्या दिवशी निकाल लावू नका. पहिले काही आठवडे जुना माउस शेजारी ठेवा आणि घाईचं काम आलं की खुशाल त्याच्यावर करा, नाहीतर हात आखडून नव्या उपकरणाशी झटापट होते. मात्र परत करायची मुदत संपायच्या आत दोन गोष्टी नक्की करा. खोक्यातून काढल्या दिवशी ओढलेल्या त्या आडव्या-उभ्या-तिरप्या रेघा सेव्ह करून ठेवा आणि मुदतीच्या आधी तीच परीक्षा, बॉल आणि मणी पुसून, पुन्हा घ्या. स्वच्छ असूनही रेघ पहिल्यापेक्षा वाईट येत असेल तर परत पाठवा. आणि काम संपल्यावर अंगठा, मनगट, बोटं यांपैकी काय दुखतंय ते एका ओळीत लिहीत जा. आठ-दहा ओळींत एकच जागा पुन्हा पुन्हा आली, तर त्या जागेवर भार टाकणारी तऱ्हा परत करा आणि दुसरी मागवा. त्याच तऱ्हेतलं दुसरं मॉडेल नको.